आधी एक्स मोजा, मग बँड बघा

जळगावच्या विद्यापीठात किंवा धुळे, नंदुरबार, भुसावळच्या महाविद्यालयांत एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी, पीएचडीच्या पहिल्या वर्षासाठी हा विषय निवडणाऱ्यांसाठी ही पोस्ट आहे. विषय असा: निओबियम किंवा टँटलम डायसल्फाइडसारख्या थरांच्या पदार्थात लोखंड, कोबाल्ट, क्रोमियम, मँगनीज यांचे आयन घुसवले, म्हणजे इंटरकॅलेट केले, की त्याच्या इलेक्ट्रॉनिक रचनेचे काय होते? पेपरांत बँडच्या (इलेक्ट्रॉनांना मिळणाऱ्या ऊर्जेच्या पट्ट्यांच्या) सुंदर आकृत्या असतात आणि त्या पाहून थेट गणनेकडे किंवा आर्पेसकडे (कोनानुसार फोटोउत्सर्जन मोजण्याच्या तंत्राकडे) धाव घ्यावीशी वाटते. माझे ठाम मत वेगळे आहे. नमुन्यात दर निओबियममागे किती आयन आहेत (हा आकडा म्हणजे एक्स) आणि ते कसे मांडले गेले आहेत, हे पक्के झाल्याशिवाय बँडच्या कुठल्याही चित्राचा अर्थ लावू नये. याची कारणे आणि हे पक्के कसे करायचे, ते सविस्तर लिहितो.

रचना डब्यात रचलेल्या बिबड्यांच्या चळतीसारखी आहे. एकेक थर म्हणजे गंधक–निओबियम–गंधक असा तीन पदरी पापुद्रा, आणि दोन पापुद्र्यांमध्ये फक्त व्हॅन डर वाल्स ओढ. २एच प्रकारच्या निओबियम डायसल्फाइडात ए अक्ष ३.३२ अँगस्ट्रॉम आणि सी अक्ष सुमारे ११.९ अँगस्ट्रॉम असतो, एका सी मध्ये दोन थर येतात. थरांमधली फट सुमारे ३ अँगस्ट्रॉमची. या फटीत सहा गंधकांनी वेढलेल्या अष्टफलकी जागा असतात आणि चुंबकी आयन तिथे बसतात. एक्स १/४ असेल तर आयन २×२ ची जाळी करतात, १/३ असेल तर √३×√३ ची. दुसऱ्या मांडणीत आयनांची जागा एका फटीआड बदलते, त्यामुळे स्फटिकाची मध्यसममिती जाते आणि पी६३२२ हा कायरल, म्हणजे डावा-उजवा भेद असलेला, अवकाशगट मिळतो. क्रोमियम १/३ मध्ये ए ५.७४ आणि सी १२.११ अँगस्ट्रॉम येतो. ३.३२ ला √३ ने गुणून पाहा, ५.७५ येते.

आता इलेक्ट्रॉनांचा हिशोब. निओबियमकडे ४डी चा एक इलेक्ट्रॉन असतो आणि तो एका अरुंद बँडात बसतो. बँडात दर निओबियम दोन जागा, म्हणजे बँड अर्धा भरलेला, दर निओबियम एक होल (इलेक्ट्रॉनाची रिकामी जागा). लोखंड, कोबाल्ट, मँगनीज, निकेल हे आयन २+ होतात, तर क्रोमियम ३+. लोखंड १/३ असेल तर दर निओबियम २/३ इलेक्ट्रॉन मिळतो आणि होल उरते १/३. लोखंड १/४ असेल तर मिळतो १/२, उरते १/२. क्रोमियम १/३ असेल तर पूर्ण एक इलेक्ट्रॉन मिळतो आणि बँड काठोकाठ भरायला हवा. बँडचा आकार तसाच ठेवून फक्त फर्मी पातळी (जिथपर्यंत इलेक्ट्रॉन भरलेले असतात ती ऊर्जा) वर सरकवायची, याला रिजिड बँड मॉडेल म्हणतात. रिचर्ड फ्रेंड आणि स्टुअर्ट पार्किन यांनी १९८० मध्ये निओबियम व टँटलमच्या अशा संयुगांचा जो मोठा आढावा घेतला, त्यातही विचाराची सुरुवात इथूनच होते. आजही सुरुवात इथूनच करावी, कारण यातून तपासता येणारा आकडा मिळतो.

तो आकडा असा. मूळ ब्रिलुआँ झोनचे (इलेक्ट्रॉनांच्या तरंगसदिशांच्या षटकोनी पेशीचे) क्षेत्रफळ ४.१४ प्रति चौरस अँगस्ट्रॉम भरते. झोनच्या मध्यापासून, म्हणजे गॅमापासून, कोपऱ्यावरचा के बिंदू १.२६ आणि बाजूच्या मध्यावरचा एम बिंदू १.०९ प्रति अँगस्ट्रॉम अंतरावर येतो. दर निओबियम एक होल असेल तर होलच्या पॉकेटांनी (फर्मी पातळीच्या बंद वेढ्यांनी), दोन थरांमुळे पडलेल्या दोन्ही बँडांची सरासरी धरून, झोनचा अर्धा भाग व्यापला पाहिजे, म्हणजे २.०७. लोखंड १/३ मध्ये सहावा भाग, म्हणजे ०.६९. लोखंड १/४ मध्ये चौथा भाग, म्हणजे १.०३. आर्पेसच्या फर्मी नकाशावर पॉकेटांचे क्षेत्रफळ मोजा आणि या आकड्यांशी ताडून पाहा.

ताळा बहुतेक वेळा नीट जुळत नाही, आणि खरा अभ्यास तिथून सुरू होतो.

न जुळण्याचे पहिले कारण रसायनाचे आहे. √३×√३ मांडणीत आयन बरोबर निओबियमच्या डोक्यावर, सी अक्षाच्या रेषेत बसतो. अंतर सी चा चौथा भाग, म्हणजे जेमतेम ३.०३ अँगस्ट्रॉम. आयनाचे सी च्या दिशेने पसरलेले डी ऑर्बिटल आणि निओबियमचे डी-झेड-स्क्वेअर थेट एकमेकांत मिसळतात. एका थरातल्या तीन निओबियमपैकी एकाच्या वर आयन, एकाच्या खाली आयन आणि तिसऱ्याजवळ कुठलाच नाही. म्हणजे सगळे निओबियम आता सारखे राहिलेले नाहीत. क्रोमियमचा पदार्थ वरच्या हिशोबाने अर्धवाहक व्हायला हवा होता, प्रत्यक्षात तो धातूसारखा वाहतो. कोबाल्ट १/३ मध्ये आर्पेसने के बिंदूजवळ असा उथळ बँड दाखवला आहे की जो निओबियम डायसल्फाइडाचा बँड नुसता वर-खाली सरकवून मिळत नाही. आयन फक्त इलेक्ट्रॉन देऊन बाजूला होत नाही, त्याची स्वतःची ऑर्बिटल फर्मी पातळीपर्यंत पोहोचतात.

दुसरे कारण घडी पडण्याचे. जाळी √३ पट झाली की झोन तिसऱ्या भागाइतका लहान होतो, आणि जुने के आणि के-प्राइम हे दोन्ही बिंदू गॅमावर येऊन पडतात. २×२ जाळीत मात्र एम बिंदू गॅमावर येतो, के येत नाही. हा फरक फार उपयोगी आहे. गॅमाजवळ के च्या पॉकेटांची फिकट नक्कल दिसली तर मांडणी √३ ची, एम वरच्या बँडांची दिसली तर २×२ ची. घडीच्या बँडांची तीव्रता कमी असते, कारण ती आयनांच्या जाळीच्या पोटेन्शियलवर ठरते. ते दिसले नाहीत म्हणून मांडणीच नाही असे धरू नका. मूळ बँड आणि घडीचा बँड जिथे छेदतात तिथे दरी पडते. ती फर्मी पातळीवर पडली तर पॉकेटांचा आकारच बदलतो आणि क्षेत्रफळाचा हिशोब नव्याने करावा लागतो.

एक्सचा चुंबकत्वाशी संबंध किती नाजूक आहे, ते पाहा. टँटलम डायसल्फाइडात लोखंड १/४ घातले तर १६० केल्विनखाली फेरोमॅग्नेट मिळतो आणि मोमेंट (आयनांचे चुंबकी बाण) सी अक्षाला घट्ट धरून असतात. तेच लोखंड १/३ केले तर तापमान ३५ केल्विनच्या आसपास उतरते. निओबियम डायसल्फाइडातले १/३ लोखंड ४५ केल्विनच्या जवळपास अँटिफेरोमॅग्नेट (मोमेंट एकमेकांच्या उलट दिशांना) होते, पण एक्स १/३ च्या जरासा खाली आणि जरासा वर असताना मोमेंटची मांडणी निरनिराळी निघते. विजेच्या स्पंदांनी हे चुंबकत्व पलटवण्याचे जे काम २०२० मध्ये प्रसिद्ध झाले, त्यातले वर्तनही एक्सवर अवलंबून असल्याचे पुढे दिसले. कोबाल्ट १/३ मध्ये २०१८ साली मोठा अॅनॉमलस हॉल परिणाम (बाहेरच्या क्षेत्राऐवजी पदार्थाच्या चुंबकी मांडणीमुळे येणारे आडवे व्होल्टेज) सापडला. निव्वळ चुंबकत्व जवळजवळ शून्य असताना तो दिसतो, म्हणून सगळ्यांचे लक्ष गेले. पण तोही एक्सच्या अरुंद पट्ट्यातच दिसतो. टँटलमच्या भावंडात, म्हणजे कोबाल्ट १/३ टँटलम डायसल्फाइडात, ३८ आणि २६.५ केल्विन अशी दोन संक्रमणे आहेत आणि अॅनॉमलस हॉल परिणाम खालच्या संक्रमणानंतर येतो.

याचे मूळ इलेक्ट्रॉनिक रचनेतच आहे. आयन एकमेकांपासून ५.७ अँगस्ट्रॉम दूर असतात, त्यांच्यातला निरोप काही अंशी गंधकामार्फत आणि बराचसा वाहक इलेक्ट्रॉनांमार्फत जातो. या दुसऱ्या मार्गाला रुडरमन–किटेल–कासुया–योसिदा अन्योन्यक्रिया म्हणतात. तिचे चिन्ह अंतरानुसार आणि फर्मी तरंगसदिशानुसार आलटून-पालटून बदलते. एक्स बदलला की पॉकेट बदलते, पॉकेट बदलले की चिन्ह बदलू शकते. लोखंड सी अक्षाला धरून राहते आणि क्रोमियम थराच्या प्रतलात, यामागे ऑर्बिटलांचा हिशोब आहे. क्रोमियम ३+ चे तीन इलेक्ट्रॉन टी-२-जी या खालच्या ऊर्जेच्या तीन ऑर्बिटलांत एकेक बसतात, ऑर्बिटल मोमेंट उरत नाही. लोखंड २+ चे सहा इलेक्ट्रॉन तसे समान बसत नाहीत, ऑर्बिटल मोमेंट शिल्लक राहतो आणि स्पिन-ऑर्बिट जोडणी मोमेंटला अक्षाशी बांधते.

क्रोमियमच्या पदार्थात कायरल मांडणीमुळे मोमेंट सी च्या दिशेने मळसूत्रासारखे वळत जातात. एका फेऱ्याची लांबी ४८ नॅनोमीटर. क्रोमियमचे दोन पदर ६.०५ अँगस्ट्रॉमवर असतात, म्हणजे एका फेऱ्यात सुमारे ७९ पदर आणि दर पदराला जेमतेम साडेचार अंशांचे वळण. शेजारच्याच पदरांचा विचार केला तर या कोनाचा टॅन्जंट म्हणजे मोमेंटना पीळ देणारी झ्यालोशिन्स्की–मोरिया जोडणी आणि त्यांना समांतर ठेवणारी साधी एक्स्चेंज जोडणी यांचे गुणोत्तर, सुमारे ०.०८. चुंबकी क्षेत्र सी ला लंब लावले की हे मळसूत्र सुटत जाऊन सॉलिटॉनांची (एकेका पूर्ण पिळाची) रांग तयार होते, २०१२ मध्ये ती इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून प्रत्यक्ष पाहिली गेली.

स्फटिक वाढवताना

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून इथे रेंगाळतो.

लोखंड १/३ ची २ ग्रॅमची घाणी घ्यायची तर निओबियम १.०५८ ग्रॅम, लोखंड ०.२१२ ग्रॅम, गंधक ०.७३० ग्रॅम. क्रोमियम १/३ साठी निओबियम १.०६६, क्रोमियम ०.१९९, गंधक ०.७३५. वजन मिलिग्रॅमच्या दशांशापर्यंत करा. लोखंडात ५ मिलिग्रॅमची चूक म्हणजे एक्समध्ये जवळपास ०.००८ चा फरक, आणि एवढ्याने या पदार्थात चुंबकी मांडणी बदलू शकते. निओबियमची भुकटी जुनी असेल तर तिच्यावर ऑक्साइड असतो. वजनात तोही मोजला जातो, निओबियम कमी पडते आणि एक्स वर सरकतो.

क्वार्ट्झची नळी आतून १४ मिलिमीटर व्यासाची, दीड मिलिमीटर जाडीची, २० सेंटिमीटर लांब घ्या. आतले आकारमान सुमारे ३१ घन सेंटिमीटर. नळी आत-बाहेर इथेनॉलने पुसा आणि मग उघड्या हाताने धरू नका. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या पुढे जातो, हाताला घाम असतोच, आणि घामातल्या सोडियममुळे हजार अंशांजवळ क्वार्ट्झ पांढरा पडून चिरतो. मँगनीज वापरत असाल तर नळीत अॅसिटोनचे काही थेंब टाकून, फिरवून, टॉर्चने तापवून आतून कार्बनचा काळा लेप द्या, कारण मँगनीज क्वार्ट्झला खातो.

पहिली भट्टी आयोडिनशिवाय, फक्त अभिक्रियेसाठी. इथे घाई धोक्याची आहे. ०.७३० ग्रॅम गंधक अजून मुक्त असताना सगळी नळी ७०० अंशांवर नेली तर दोन-अणूंच्या वाफेचा दाब ३१ घन सेंटिमीटरमध्ये सुमारे ३० वातावरणे भरतो. या जाडीच्या नळीवर एवढा भरवसा ठेवू नये, ती भट्टीतच फुटते. म्हणून तासाला ५० अंशांनी ४५० पर्यंत चढा, तिथे २४ तास थांबा. नळीचे एक टोक भट्टीबाहेर ४०० च्या आसपास राहील असे ठेवा. गंधक ४४५ अंशांना उकळतो, थंड टोक त्याखाली असेल तर उरलेला गंधक तिथे साचतो आणि दाब एका वातावरणाच्या जवळपास अडतो. पिवळा थेंब संपला की नळी पूर्ण आत सरकवा, तासाला ३० अंशांनी ९५० पर्यंत जा आणि पाच दिवस ठेवा.

दुसऱ्या फेरीत भुकटी कुटून, आयोडिन घालून रासायनिक वाफवहन, म्हणजे आयोडिनच्या वाफेतून भुकटी दुसऱ्या टोकाला नेऊन तिथे स्फटिक वाढवणे. आयोडिन दर घन सेंटिमीटरला २ ते ३ मिलिग्रॅम, म्हणजे आपल्या नळीत ६० ते ९० मिलिग्रॅम. ९० मिलिग्रॅमचा ९५० अंशांवरचा दाब १.२ वातावरणाच्या आसपास येतो, धोका नाही. त्रास निर्वात करताना होतो. आयोडिनचा बाष्पदाब ३९ अंशांजवळच १ मिलिमीटर पारा होतो. उन्हाळ्यात वातानुकूलन नसलेल्या खोलीत पंप लावला तर बघता बघता निम्मे आयोडिन पंपाच्या तेलात जाते, वाहन मंदावते आणि दहा दिवसांनी नळीत नुसती भुकटी सापडते. आयोडिनचे टोक द्रव नायट्रोजनमध्ये बुडवून ठेवा, नायट्रोजन नसेल तर निदान बर्फ-मिठात, आणि मगच पंप चालू करा. पावसाळ्यात उलटी काळजी: हवेतली ओल नळीच्या काचेला धरते, म्हणून आयोडिन घालण्याआधी रिकामी नळी पंपावर असतानाच टॉर्चने शेकून घ्या. सील करताना वेल्डिंगचा गडद चष्मा लावा.

दोन झोनच्या भट्टीत आधी एक दिवस तापमान उलटे ठेवा: वाढीचे टोक गरम, भुकटीचे थंड. त्याने वाढीच्या टोकावरचे बारीक कण साफ होतात, नाहीतर शेकडो चिमुकले स्फटिक उगवतात. मग भुकटी ९५० वर, वाढ ८५० वर, दहा दिवस. शेवटी तासाला २० अंशांनी थंड करा. हा टप्पा वेळ वाचवण्यासाठी टाळू नका. आयन जास्त तापमानाला फटीत इकडेतिकडे फिरतात आणि सावकाश थंड होतानाच √३ ची नीट जाळी धरतात. पटकन बाहेर काढलेल्या नमुन्यात एक्स बरोबर असूनही मांडणी विस्कटलेली निघते.

वीज जाणे ही खानदेशातली खरी अडचण, विशेषतः वळवाच्या पावसात. दहा दिवसांत वीज एकदा तासभर गेली तरी दोन्ही टोके एकसारखी थंड होतात, गंधक-आयोडिन भलत्या जागी साचते, आणि वीज आल्यावर स्फटिकावर निराळ्या एक्सचा पातळ थर चढतो. बाहेरून स्फटिक चकचकीत दिसतो, पण मॅग्नेटोमीटरवर एकाऐवजी दोन संक्रमणे येतात. नळी-भट्टी तापमान धरून ठेवायला साधारण १ किलोवॉट घेते. १२ व्होल्ट १५० अँपिअर-तासाच्या दोन बॅटऱ्यांत ३.६ युनिट ऊर्जा असते, लेड-अॅसिडची निम्मीच वापरायची म्हटली तरी दीड तास निघतो. इन्व्हर्टर किमान २ किलोवॉटचा घ्या. कंट्रोलरमध्ये वीज परतल्यावर आपोआप पूर्ण जोराने तापवण्याची सोय असेल तर ती बंद करून ठरावीक गतीने चढण्याची सेटिंग ठेवा. शक्य असेल तर लांबच्या वाढी नोव्हेंबर ते फेब्रुवारीतच लावा.

नळी उघडताना आधी भुकटीचे टोक थंड पाण्याने गार करा, म्हणजे आयोडिन तिकडे जमते, स्फटिकांवर नाही. फडक्यात गुंडाळून, धुराड्याखाली फोडा, हायड्रोजन सल्फाइडचा वास येतो. स्फटिक इथेनॉलने धुवा.

एक्स मोजताना

भट्टीत टाकलेला एक्स आणि स्फटिकातला एक्स एकच असतो असे कधीही धरू नका. एकाच नळीतल्या दोन स्फटिकांतही फरक असतो. म्हणून ०.३०, ०.३३, ०.३६ अशा तीन घाण्या लावाव्यात आणि प्रत्येक स्फटिक स्वतंत्र मोजावा.

इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकावरचे ईडीएस (क्ष-किरणांच्या ऊर्जेवरून मूलद्रव्ये मोजणे) सहज मिळते, पण त्यात एक खड्डा आहे. गंधकाची के-अल्फा रेषा २.३१ किलो-इलेक्ट्रॉन-व्होल्टला आणि निओबियमच्या एल रेषा २.१७ आणि २.२६ ला, म्हणजे एकमेकींवर चढलेल्या. त्यामुळे गंधकाशी केलेले गुणोत्तर निरुपयोगी. आयन आणि निओबियमचे गुणोत्तर घ्या, तेही माहीत एक्सच्या नमुन्याशी ताडून. टँटलममध्ये एम रेषा १.७१ ला येते आणि क्वार्ट्झचा कण चिकटलेला असेल तर सिलिकॉनची १.७४ ची रेषा तिच्यात मिसळते. चांगल्या ईडीएसनेही ०.०१ ते ०.०२ ची चूक राहते. निर्णायक आकडा हवा तर आयसीपी (नमुना विरघळवून प्लाझ्मात मोजणे) किंवा डब्ल्यूडीएस (क्ष-किरण तरंगलांबीनुसार वेगळे करून मोजणे) करा.

मांडणीसाठी क्ष-किरण. तांब्याच्या के-अल्फा किरणांनी क्रोमियम १/३ चे ००२ शिखर १४.६ अंशांवर, ००४ शिखर २९.५ वर. √३ जाळीची खूण म्हणजे १०० शिखर १७.८ वर आणि १०१ शिखर १९.३ वर. आयनांच्या वाट्यातून १०१ हे १०० पेक्षा तिप्पट तीव्र येते, म्हणून ते आधी शोधा. १५.४ च्या आसपास शिखर दिसले तर ते २×२ जाळीचे, म्हणजे तुमच्या नळीत १/४ ची भेसळ आहे. पातळ पत्री तशीच ठेवून मोजली तर फक्त ००एल शिखरे दिसतात आणि जाळीबद्दल काहीच कळत नाही. एकस्फटिक विवर्तन सर्वात चांगले, तिथे डावे-उजवे मिश्रणही कळते.

मॅग्नेटोमीटरही एक्सचा साक्षीदार आहे. १ मिलिग्रॅम क्रोमियम १/३ चा पूर्ण भरलेला मोमेंट, दर क्रोमियम ३ बोर मॅग्नेटॉन धरून, ०.०३२ ईएमयू येतो. क्षेत्र थराच्या प्रतलात असेल तर २ किलो-ओर्स्टेडजवळ तो भरतो, संक्रमण १३० केल्विनजवळ. क्रोमियम कमी असेल तर तापमान लगेच खाली येते. इंदूरच्या विद्यापीठांसाठीच्या यूजीसी-डीएई संशोधन केंद्रात अशी मोजणी होते, आणि धुळ्याहून शिरपूर–सेंधवा मार्गे ते आपल्याला मुंबई-पुण्याइतकेच सोयीचे आहे.

आर्पेस

इंदूरलाच इंडस-१ आणि इंडस-२ ही सिंक्रोट्रॉन आहेत आणि फोटोउत्सर्जनाच्या बीमलाइन तिथे मिळतात. नमुना २ मिलिमीटर रुंद आणि सपाट हवा. चांदीच्या इपॉक्सीने बसवा, वर सिरॅमिकची काडी चिकटवा आणि निर्वातात ती पाडून थर सोला. नुसत्या निओबियम डायसल्फाइडाला चिकटपट्टी पुरते, इथे आयनांनी थर बांधलेले असतात, पट्टीने पृष्ठभाग पायऱ्या-पायऱ्यांचा फुटतो.

सर्वात महत्त्वाची गोष्ट पृष्ठभागाची. सोलताना एका फटीतले आयन दोन्ही तुकड्यांत वाटले जातात, तेही ठिगळांनी. कुठे सगळ्यात वर आयन, कुठे उघडा निओबियम डायसल्फाइडाचा थर. आर्पेसमध्ये इलेक्ट्रॉन जेमतेम एका थराच्या खोलीतून येतात, म्हणजे तुम्ही पृष्ठभागच पाहता. उघड्या थराला इलेक्ट्रॉन फक्त खालच्या फटीतून मिळतात. लोखंड १/३ मध्ये अंदाजे २/३ ऐवजी १/३, होल १/३ ऐवजी २/३, आणि पॉकेटांचे क्षेत्रफळ ०.६९ ऐवजी १.३८. क्षेत्रफळ जुळले नाही की एक्स चुकला असे म्हणण्याआधी हा दुसरा आकडा पाहा. बीमचा ठिपका शंभर मायक्रॉनचा असेल तर दोन्ही ठिगळे मिसळून दिसतात, पंधरा-वीस ठिकाणी मोजून वेगळी करावी लागतात. व्हॅनेडियम १/३ मध्ये २०२३ साली नेमक्या अशाच उघड्या थरात आयनांच्या चुंबकत्वाने व्हॅलींची (के आणि के-प्राइम जवळच्या बँडांची) पातळी दुभंगलेली दाखवली गेली, म्हणजे पृष्ठभागाला स्वतःचे भौतिकशास्त्र आहे.

आयनाच्या ३डी पातळ्या कुठे आहेत हे शोधायला अनुनाद (फोटॉनची ऊर्जा त्याच आयनाच्या शोषणाशी जुळवणे) वापरा: लोखंडासाठी फोटॉन ५६ इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या आसपास, कोबाल्टसाठी ६०. अनुनादावर आणि त्याखाली घेतलेल्या स्पेक्ट्रमची वजाबाकी म्हणजे आयनाचा वाटा. हे मोजमाप जरूर घ्या, गणनेत ते लागते. एक्सपीएसमध्ये (क्ष-किरणांनी अणूतले आतले इलेक्ट्रॉन बाहेर काढून मोजण्यात) निओबियमचे ३डी शिखर २०३.५ इलेक्ट्रॉन-व्होल्टजवळ हवे, २०७ च्या पुढे दिसले तर पृष्ठभाग ऑक्सिडाइझ झाला आहे, पुन्हा सोला.

गणना

क्वांटम एस्प्रेसो ही बँड काढण्याची संगणक-प्रणाली मोफत आहे. १/३ च्या पेशीत २० अणू (२ आयन, ६ निओबियम, १२ गंधक), १/४ च्या पेशीत २६. कट-ऑफ ५० ते ६० रिडबर्ग, के-जाळी ८×८×४ ने सुरुवात, अवस्थांच्या घनतेच्या आलेखाला १२×१२×६. अँटिफेरोमॅग्नेटसाठी दोन्ही आयनांना वेगळी नावे देऊन विरुद्ध चिन्हाचे मोमेंट द्या, नाहीतर गणना मुकाट्याने फेरोमॅग्नेटकडे जाते. स्पिन-ऑर्बिटने के जवळ निओबियममध्ये सुमारे ०.१ आणि टँटलममध्ये ०.३ इलेक्ट्रॉन-व्होल्टचे विभाजन येते, टँटलममध्ये ते वगळून चालत नाही. बँड मूळ झोनमध्ये उलगडून काढा, घडी पडलेले वीस अणूंचे बँड आर्पेसशेजारी ठेवून काहीच कळत नाही.

हबर्ड यू चा (एकाच अणूवरच्या ३डी इलेक्ट्रॉनांमधल्या प्रतिकर्षणाचा) आकडा पेपरातून उचलू नका. २ ते ४ इलेक्ट्रॉन-व्होल्टमध्ये तीन-चार आकडे घेऊन ३डी पातळी अनुनादाच्या मोजणीशी जुळेल तो ठेवा. यू मोठा घेतला की ३डी खाली ढकलली जाते, निओबियमशी मिसळणे कमी होते आणि चित्र पुन्हा रिजिड बँडसारखे दिसू लागते, म्हणजे जे शोधायचे तेच पुसले जाते. लोखंडात आणखी एक अडचण: सहावा इलेक्ट्रॉन कोणत्या ऑर्बिटलात बसतो यावर गणना वेगवेगळ्या स्थानिक किमानांत अडकते. ऑक्युपेशन मॅट्रिक्स (कोणत्या ऑर्बिटलात किती इलेक्ट्रॉन हे सांगणारे तक्ते) निरनिराळ्या देऊन किमान तीन-चार सुरुवाती करा आणि सर्वात कमी ऊर्जेची घ्या. आणि नमुन्याचा एक्स ०.३५ निघाला असेल तर १/३ च्या पेशीवर केलेली गणना त्या नमुन्याची नाही. मोठ्या सुपरसेलमध्ये एखादा जादा आयन रिकाम्या जागी बसवून पुन्हा चालवा.